दीड फूट बाय आठ फुटांत एक मीटरगेज स्टेशन (खानापूर आणि गुंजीच्या मधलं)

तिसरं_गेट

नमस्कार मंडळी. टिळकवाडीत पहिलं, दुसरं, तिसरं अशी रेल्वे गेटं आहेत हे बेळगावकरांना सांगायला नको. मी तिसऱ्याचा. शाळेत उशीर झाला की "गेट पडलं होतं सर" हे आमचं ठरलेलं कारण, आणि दहातल्या चार वेळा ते खरंही असायचं. बँकेतून निवृत्त झाल्यावर माळ्यावरच्या खोलीत मॉडेल रेल्वे उभी करायला घेतली. दोन-तीन जणांनी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलं, म्हणून एकदाच इथे सविस्तर लिहितो.

खानापूर सोडलं की गुंजीकडे जाताना जंगल सुरू होतं. त्या पट्ट्यातलं एक स्टेशन करतोय. ते नकाशावर नाही, मुद्दामच नाही. खरं स्टेशन करायला घेतलं की प्रत्येक येणारा सांगतो, "पाण्याची टाकी या बाजूला नव्हती हो." काल्पनिक स्टेशनात कोणाच्या बापाचं काही जात नाही. काळ साधारण १९८५ चा. म्हणजे मीटरगेज. एक मेन लाइन, एक लूप (दुसरी गाडी थांबवायला शेजारून जाऊन परत मेन लाइनला मिळणारी लाइन), कौलं आणि बांबू भरायला एक सायडिंग. संपलं.

आता पहिला सल्ला, जो कोणीच ऐकत नाही. रूळ गोल फिरवू नका. दुकानातून डबा आणतो, त्यात गोल ट्रॅक असतो, तो डायनिंग टेबलावर मांडतो, गाडी गरगर फिरते, चौथ्या दिवशी डबा माळ्यावर. गाडी कुठूनही कुठेही जात नसेल तर किती वेळ बघणार? त्यापेक्षा एका भिंतीला लागून अरुंद फळी घ्या. गाडी एका टोकाच्या पडद्यामागून यावी, स्टेशनात थांबावी, दुसरीला वाट द्यावी आणि निघून जावी. रेल्वेत बघण्यासारखं जे असतं ते थांबण्यातच असतं. धावताना ती फक्त आवाज करते.

दुसरं, गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. इथे जरा गणित आहे, पण दमानं घ्या.

बाजारात सगळ्यात जास्त माल मिळतो तो एचओचा, म्हणजे १:८७ प्रमाणाचा. परदेशातलं स्टँडर्ड गेज १४३५ मिमी. त्याला ८७ ने भागलं की १६.५ मिमी, म्हणून एचओचा ट्रॅक १६.५ चा. आपलं ब्रॉडगेज आहे १६७६ मिमी. ते त्याच प्रमाणात १९.३ मिमी यायला हवं. त्यामुळे आपलं डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन बाजारच्या ट्रॅकवर उभं केलं की लठ्ठ माणूस पोराच्या स्टुलावर बसल्यासारखं दिसतं. बाजूने कळत नाही, समोरून बघितलं की कळतं.

मीटरगेज मात्र नशीबवान. १००० भागिले ८७ म्हणजे साडेअकरा. १२ मिमीचा ट्रॅक तयार मिळतो, कारण स्वित्झर्लंडची ऱ्हेटियन रेल्वे मीटरगेज आहे आणि तिचे चाहते पैसेवाले आहेत. पेको कंपनीचा १२ मिमीचा फ्लेक्सी (हवा तसा वाकवता येणारा) ट्रॅक त्यांच्यासाठी निघतो आणि आपण त्यावर आपलं मीटरगेजचं डिझेल इंजिन, वायडीएम-४, चालवायचं.

बाकी उद्या. सौ. हाक मारते आहे.

---

सोल्डर_निपाणी

काका, मस्त! आमच्या निपाणीला रेल्वे नाही. कधीच नव्हती. लहानपणी रेल्वे बघायची तर मामाकडे घटप्रभेला जायचं. म्हणून शेवटी घरातच केली. :)

पण तुमचं १२ मिमीचं गणित थोडं महाग पडतं. मी दुसरी वाट धरली. १:१६० चा एन स्केल, ट्रॅक ९ मिमी. त्यात ब्रॉडगेज साडेदहा यायला हवं, म्हणजे फरक आहेच, पण गाडीच इतकी बारीक की डोळ्याला टोचत नाही. आणि जागा! आयसीएफचा डबा, म्हणजे ब्रॉडगेजचा नेहमीचा प्रवासी डबा, २१.३ मीटर. एचओमध्ये तो जवळजवळ साडेचोवीस सेंटीमीटर होतो, एनमध्ये तेरा. दहा डब्यांची गाडी लावायची असेल तर एचओवाल्यांनी आधी घर बांधावं.

आणि डीसीसी (प्रत्येक इंजिन वेगळं चालवायची डिजिटल पद्धत) घ्या काका. आता कोणी साधा डीसी वापरतं का?

---

तिसरं_गेट

जागेचं बरोबर आहे. ब्रॉडगेजचा पूर्ण लांबीचा लूप ६८६ मीटरचा धरतात. एचओत तो पावणेआठ मीटरच्या पुढे जातो. माझ्या घरात तो बसवायचा तर हॉलची भिंत फोडून शेजाऱ्यांच्या न्हाणीघरापर्यंत जावं लागेल, आणि शेजारी तसे बरे आहेत. म्हणूनच मी छोटी गाडी निवडली. मीटरगेजची पॅसेंजर, चार डबे आणि गार्डाचा डबा. आठ फूट म्हणजे २४४ सेंटीमीटर, खऱ्या मापात २१२ मीटर. लूप, दोन्ही टोकांचे सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायची जागा) आणि बाहेर थोडी मोकळी लाइन धरून एवढीच गाडी मावते. लांब गाडी हवी असेल तर निपाणीकर म्हणतो तसा एन घ्या. मला डब्याच्या खिडकीचे गज दिसायला हवेत, म्हणून मी एचओत राहिलो. डोळ्यांचा नंबर वाढत चाललाय, हेही आहेच.

डीसीसीबद्दल: माझ्याकडे इंजिन एक. एका बैलाला दोन कासरे कशाला? बारा व्होल्टचा साधा कंट्रोलर, तोही पीडब्ल्यूएमवाला (वीज बारीक झटक्यांनी सोडणारा), म्हणजे मंद वेगात इंजिन कुथत नाही. लूपला एक स्विच लावून वीज तोडता येते, तेवढं पुरतं.

---

सोल्डर_निपाणी

दुसरं इंजिन घ्याल तेव्हा बोलू. :) डीसीसीत रुळांवर कायम वीज असते, प्रत्येक इंजिनात डीकोडर, त्याला त्याचा नंबर, आणि हुकूम रुळातूनच जातो. एका रुळावर दोन इंजिनं समोरासमोर आणता येतात. घाटात मागून बँकर (ढकलणारं जादा इंजिन) लावायचं असेल तर हीच सोय बरी. विकतचा कमांड स्टेशन परवडत नसेल तर आर्डुइनो मेगा (एक छोटा कॉम्प्युटर बोर्ड) आणि त्यावर बसणारं मोटर शील्ड घ्या, डीसीसी-ईएक्स नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. मी तेच वापरतो, फोनवरून गाडी चालते. आमची आज्जी म्हणते, फोन ठेव की जरा, आणि मी म्हणतो आज्जी, गाडी येऊलालीय.

---

कॅसलरॉक_ब्रेकव्हॅन

हा धागा मुलाने दाखवला. मी रेल्वेत गार्ड होतो, मीटरगेजवर आणि नंतर ब्रॉडगेजवर. आता लोंढ्याला असतो.

बँकरचा विषय निघाला म्हणून लिहितो. कॅसलरॉक ते कुळे हा घाट १ इन ३७ आहे. सदतीस फुटांत एक फूट. रेल्वेच्या हिशेबाने ही भिंतच. चढताना मागून बँकर ढकलत असे. पुढच्या ड्रायव्हरला मागचा दिसत नाही, आणि वॉकी-टॉकी तेव्हा नव्हता. शिट्टीवर काम. पुढचा शिट्टी देणार, मागचा उत्तर देणार, मग दोघांनी मिळून ओढायचं. पावसाळ्यात रूळ तेलासारखे. इंजिनातून चाकापुढे वाळू सोडायची, तरी चाक जागच्या जागी फिरायचं. दूधसागरला गाडी थांबली की लोक धबधबा बघायचे. आम्ही ब्रेकचं प्रेशर बघायचो.

उतरताना जास्त काळजी. चढताना गाडी फार तर थांबते.

---

तिसरं_गेट

गार्डसाहेब, या या. तुमच्यासारखं माणूस धाग्यावर आलं म्हणजे आता थापा मारायची सोय राहिली नाही.

१ इन ३७ चं मॉडेलच्या भाषेत: माझ्या आठ फुटांच्या फळीवर तो चढ लावला तर गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत फक्त साडेसहा सेंटीमीटर वर चढेल. एका गाडीवरून दुसरी न्यायला साधारण साडेसात सेंटीमीटर लागतात, म्हणजे फळी पुरत नाही. नवशिके इथेच फसतात. यूट्यूबवर बघून पूल बांधतात, चढ १ इन १५ चा होतो, इंजिन अर्ध्यात थांबतं आणि मग दोष इंजिनाला. १ इन ४० पेक्षा उभा चढ घेऊ नका, वळणावर तर त्याहून सौम्य. आणि इंजिन हलकं असेल तर आत वजन भरा. मी सायकलच्या दुकानातून शिशाच्या पट्ट्या आणून भरल्या. नंतर हात धुवा.

---

उगारची_मळी

माझा मॉडेलशी संबंध नाही, पण मीटरगेज म्हटल्यावर राहवलं नाही.

आम्ही उगार खुर्दचे. पुण्याहून येताना मिरजेला उतरून गाडी बदलायची, हे ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. पुणे-मिरज ब्रॉडगेज झालं होतं आणि मिरजेच्या पुढे बेळगावकडे अजून मीटरगेज. पहाटे झोपेतल्या पोरांना, ट्रंकेला आणि लोणच्याच्या बरणीला घेऊन एका फलाटावरून दुसऱ्यावर पळायचं. तिकडे पंढरपूरकडे जाणारी बार्शी लाइटची नॅरोगेज वेगळीच उभी. तीन गेज एका स्टेशनात. आमचे आजोबा म्हणायचे, मिरजेला गाड्यांची थोरली, मधली आणि धाकटी पाती.

आणि मिरज सुटल्यावर शेडबाळ, मग उगार. गळीत हंगाम असला की स्टेशन यायच्या आधी मळीचा वास यायचा. तो वास आला की आई आम्हाला उठवायची. घड्याळ बघायची गरज नव्हती. पुढे जाणारी माणसं कुडचीच्या अलीकडे कृष्णेच्या पुलावर नाणी टाकायला खिडकीत बसायची, आणि आम्ही आधीच उतरलेले असायचो याचं मला लहानपणी फार वाईट वाटायचं. लग्न होऊन बेळगावला गेले तेव्हा पहिल्यांदा पुलावर नाणं टाकलं. चार आण्यांचं.

---

सोल्डर_निपाणी

ताई, बार्शी लाइटचं गेज ७६२ मिमी. ८७ ने भागलं तर ८.७६. म्हणजे एचओच्या मापात बार्शी लाइट करायची तर माझा ९ मिमीचा एन ट्रॅक जवळजवळ तंतोतंत बसतो! मिरज करायचं तर एकाच फळीवर १६.५, १२ आणि ९ मिमीचे तीन ट्रॅक शेजारी शेजारी. कोणीतरी करा राव.

---

तिसरं_गेट

ते करणाऱ्याला मी स्वतः कुंदा घेऊन भेटायला येईन.

आता थोडं फळीबद्दल. माझी सगळ्यात मोठी फजिती सांगतो, म्हणजे तुमची टळेल.

पहिली फळी मी दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये बनवली. बेळगावचा पाऊस. कपडे वाळत नाहीत, मीठ बरणीत पाणी होतं, अशा दिवसांत मी साध्या प्लायवर ट्रॅक ठोकून बसवला. रूळ एकमेकांना घट्ट भिडवून, मध्ये नखभर फट नाही. अभिमानानं फोटो काढले. मार्चमध्ये खोली उघडून बघतो तर मेन लाइन सापासारखी. एका ठिकाणी रूळ स्लीपरमधून सुटून धनुष्यासारखा वर आलेला.

मी आधी समजलो की उन्हाने रूळ वाढले. रूळ वाढतात, पण इतके नाही. खरं कारण लाकूड. पावसाळ्यात प्लाय फुगलेलं होतं, उन्हाळ्यात आकसलं. फळी लहान झाली, रूळ तेवढेच राहिले, मग बिचारे जाणार कुठे?

म्हणून आता: मरीन प्लाय, बारा मिमीचं, खाली चौकट. ट्रॅक बसवण्याआधी प्लायला सहाही बाजूंनी प्राइमर. सहा म्हणजे कडा धरून, कडांतूनच ओल शिरते. ट्रॅक टाकायचा दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत. आणि दर दीड-दोन फुटांवर रुळांच्या जोडात पोस्टकार्डाच्या जाडीची फट. फट ठेवली की रुळाच्या जोडपट्टीतून वीज नीट जाईलच असं नाही, म्हणून प्रत्येक तुकड्याला खालून वेगळी वायर सोल्डर करा. कंटाळवाणं काम आहे. मी कीर्तन लावून केलं.

---

खानापूर_नवशिका

काका, मी कॉलेजात आहे, बजेट अगदी कमी. कुठून सुरू करू? आणि आमच्याकडची लाल माती खडीऐवजी वापरता येईल का? घराच्या मागे ढिगाने आहे.

---

तिसरं_गेट

पोरा, तू खानापूरचा म्हणजे तुझ्या घराच्या मागे माझं अर्धं स्टेशन पडलंय.

माती वापर, पण खडी म्हणून नको. जमीन म्हणून वापर. आधी उन्हात वाळव, मग कढईत कोरडी भाज, म्हणजे किडे-अंडी मरतील. आईला विचारून जुनी कढई घे, नवीन घेतलीस तर जबाबदारी तुझी. मग चहाच्या गाळणीतून चाळ. आणि हे विसरू नकोस: चाळलेल्या मातीवरून कागदात गुंडाळलेला लोहचुंबक दोन-तीनदा फिरव. आपल्या लाल मातीत लोखंडाचे कण असतात. कागदाला काळी पूड चिकटलेली दिसेल. ती तशीच राहिली तर एक दिवस इंजिनाच्या मोटरमधल्या चुंबकाला जाऊन बसते आणि मोटर जाते. माझी गेली.

खडी वेगळी. रुळाखालचा दगड मोठ्यात मोठा ६५ मिमीचा. ८७ ने भाग, पाऊण मिमी. म्हणजे रव्याएवढा. क्रशरवर काळ्या दगडाची भुकटी मिळते, ती चाळून घे. ब्रशने रुळांमध्ये पसरायची, मग पाण्यात पातळ केलेला फेविकॉल ड्रॉपरने सोडायचा. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाक, नाहीतर पाणी खडीवर मोत्यासारखं उभं राहतं, आत उतरत नाही. सांध्याच्या हलणाऱ्या पट्ट्यांजवळ फेविकॉल गेला की सांधा कायमचा एकीकडे. तिथे हात आवर.

बजेटसाठी: इंजिन शेवटी घे. पहिल्या वर्षी एक हातभर ट्रॅक, एक वॅगन आणि फळी. वॅगन बोटाने ढकल. हसू नकोस, बोटाने ढकलताना कुठे चाक अडखळतं ते कळतं, आणि जिथे बोटाला कळतं तिथेच इंजिन पडतं.

---

उगारची_मळी

"रव्याएवढा" वाचून आमच्या धाकट्या दिराची आठवण झाली. त्याने शाळेच्या प्रदर्शनासाठी रेल्वे केली होती आणि खडी म्हणून खराच रवा टाकला होता, काळा रंग देऊन. प्रदर्शनाच्या दिवसापर्यंत मुंग्या मेन लाइनवरून जात होत्या, व्यवस्थित रांगेत, वेळापत्रकाप्रमाणे. बक्षीस मिळालं म्हणे. मुंग्यांना.

---

सोल्डर_निपाणी

😂😂

नवशिक्यासाठी अजून एक. रूळ घेताना निकेल सिल्व्हरचे घे. नावात सिल्व्हर आहे पण चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त. पितळी किंवा स्टीलचे जुने ट्रॅक स्वस्तात मिळतात, पण आपल्या पावसाळ्यात पितळ काळं पडतं, स्टील गंजतं, आणि इंजिन दर वितीला आचके देतं. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं. पॉलिश पेपर कधी मारू नको, ओरखड्यांत घाण जास्तच बसते.

ऑनलाइन मागवताना व्हिडिओ काढत खोका उघड. मी उजवा सांधा मागवला, डावा आला. परत पाठवला, परत डावाच आला. विक्रेता म्हणाला, "उलटा लावा." आता तो माझ्या लेआउटवर डावाच आहे, आणि मीच मालधक्का दुसऱ्या बाजूला हलवला.

---

तिसरं_गेट

आता एक मदत हवी. स्टेशनला नाव नाही. पाटी रंगवायची आहे. सुचवा.

---

सोल्डर_निपाणी

पाटीवर वर कन्नड, मग हिंदी, मग इंग्रजी. हिंदी देवनागरीत असल्यामुळे मराठीचंही काम होऊन जातं. रेल्वे हुशार आहे.

---

(सदस्याने प्रतिसाद काढून टाकला)

---

संपादक

या धाग्यावर सीमाप्रश्न नको. त्यासाठी वेगळा धागा आहे, तो ३४० प्रतिसादांवर पोचलाय, तिकडे जा. इथे फक्त साडेअकरा ते बारा मिमीचे वाद चालतील.

---

कॅसलरॉक_ब्रेकव्हॅन

फोटो बघितले. स्टेशन चांगलं आहे. फलाट बुटका ठेवला हे बरोबर. आमच्या वेळी बाईमाणसाला डब्यात चढवायला खालून हात द्यावा लागायचा.

तीन गोष्टी.

एक. सिग्नलचा हात खाली पडला म्हणजे गाडीला वाट मोकळी, हे बरोबर केलंत. पण सगळे हात चौकोनी कापलेत. आउटरच्या, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या पहिल्या सिग्नलच्या हाताखाली वॉर्नर, म्हणजे आगाऊ सूचना देणारा हात असतो. वॉर्नरच्या हाताचं टोक माशाच्या शेपटीसारखं कापलेलं असतं. रात्री नाही, दिवसा लांबून ड्रायव्हर त्याच्यावरूनच ओळखतो. ते दुरुस्त करा.

दोन. स्टेशन मास्तरच्या दाराशी घंटा नाही. रुळाचा तुकडा टांगलेला असायचा, आणि वाजवायला लोखंडी कांब. मागच्या स्टेशनातून गाडी सुटली की वाजवायचे. गावात सगळ्यांना कळायचं. स्टेशनबाहेरचा हॉटेलवाला घंटा ऐकून चहा चढवायचा.

तीन. गोळा कुठे आहे? सिंगल लाइनवर गोळा, म्हणजे पुढची लाइन मोकळी असल्याचा परवाना, हातात असल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवणार नाही. वेताची मोठी कडी, तिला चामड्याची पिशवी, पिशवीत लोखंडी गोळा. थांबणाऱ्या गाडीला हातात द्यायचा. न थांबणाऱ्या गाडीला खालून एक माणूस कडी उंच धरून उभा, ड्रायव्हर किंवा फायरमन कोपरात अडकवून घेणार. रात्री मशाल धरून. मी दोन सांधेवाल्यांचे दंड काळेनिळे झालेले बघितले आहेत. तुमच्या फलाटावर सगळी माणसं बाकावर बसून आहेत. एकाला उभं करा, हातात कडी द्या.

नाव तुम्ही ठरवा.

---

तिसरं_गेट

गार्डसाहेब, कडी तांब्याच्या बारीक तारेची केली, पाच मिमीची. पिशवी म्हणजे फुटबॉलच्या ब्लॅडरचा तिळाएवढा तुकडा. घंटा झाली. रुळाचाच तुकडा आहे, ट्रॅक कापताना उरलेला. ८७ पट लहान रूळ टांगलेला बघून मला स्वतःलाच मजा वाटली.

माझे थोरले मामा सांधेवाले होते, त्याच लाइनवर. आम्ही सुट्टीत जायचो. ते रात्री कडी घेऊन निघाले की मामी कंदिलाची काच पुसून द्यायची, आणि ते परत येईपर्यंत ताट वाढायची नाही. तुम्ही दंड काळेनिळे म्हणालात तेव्हा आठवलं, मामा कायम लांब बाह्यांचा शर्ट घालायचे. उन्हाळ्यातसुद्धा. आम्हाला वाटायचं रेल्वेचा नियम असेल.

नाव 'मामाचा माळ' ठेवतोय. सौ. म्हणते स्टेशनाचं असं नाव असतं का. म्हटलं, असतं की नाही ते मंडळींना विचारतो.

---

उगारची_मळी

असतं. ठेवा.

---

खानापूर_नवशिका

माती भाजली. चुंबकाला खरंच काळी पूड लागली! आई म्हणाली कढई आता घरात आणू नको.

काका, गाडी किती वेगाने चालवायची? माझ्या मित्राची इतक्या जोरात पळते की वळणावर पडते.

---

तिसरं_गेट

सगळेच जोरात पळवतात. हिशेब कर. ताशी ६० किलोमीटर म्हणजे एचओत सेकंदाला १९ सेंटीमीटर. माझी आठ फुटांची फळी तेरा सेकंदांत संपते. मीटरगेज पॅसेंजर स्टेशनाजवळ ताशी तीसने येत असेल, म्हणजे पंचवीस सेकंद. स्टेशनात शिरताना त्याहून सावकाश. फळीवर खडूने एक फुटाच्या खुणा कर, फोनमध्ये स्टॉपवॉच लाव, आणि नॉबवर त्या जागी रंगाचा ठिपका दे. एका आठवड्यात हाताला सवय लागते.

हल्ली पुण्याहून हुबळीला वंदे भारत जाते, २०२४ पासून. तिसऱ्या गेटाशी ती बघितली की वाटतं आता तुझ्या मित्रानेच खऱ्या रुळावर नॉब फिरवला. वर तारा, दुहेरी लाइन, चांगलंच आहे. पण गेट पडल्यावर पाच मिनिटं स्कूटर बंद करून शेजारच्याशी बोलायची जी सोय होती ती गेली.

ज्यांना चांगलं चालणारं मोठं काम बघायचंय त्यांनी पुण्याला कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय बघा. १९९८ पासून आहे. मी चारदा गेलो, दरवेळी सौ. बाहेर बसली.

---

सोल्डर_निपाणी

काका, लाजू नका, दिवाळीचं सांगा की. गार्डसाहेब आले होते ना? मी इंजिन घेऊन यायच्या आत कार्यक्रम उरकलात!

---

तिसरं_गेट

हो, सांगतो.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी लोंढ्याहून गार्डसाहेब मुलाबरोबर आले. जिना चढून माळ्यावर आले, चष्मा बदलला, आणि दहा मिनिटं नुसते वाकून बघत राहिले. काही बोलले नाहीत. मी कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. नको नको म्हणाले, मी ड्रायव्हर नव्हतो. मग घेतला.

गाडी पडद्यामागून निघाली. वायडीएम-४, चार डबे, शेवटी ब्रेकव्हॅन. इतकी सावकाश की माझाच नॉब आहे का असं वाटावं. बांबूच्या बनातून बाहेर आली, वळणाला आली, आणि आउटरच्या अलीकडे, बरोबर एक वीत आधी, थांबली.

मला वाटलं वीज गेली. खाली वाकून वायरी बघायला लागलो. जोड ढिला झाला असेल, प्राइमर शिरला असेल. मुलगाही वाकला. गार्डसाहेब खुर्चीत ताठ बसून. एक मिनिट गेलं असेल.

मग ते म्हणाले, "सिग्नल वर आहे."

मी विसरलो होतो. सर्व्होचं (सिग्नलचा हात हलवणाऱ्या छोट्या मोटरचं) बटण दाबलं, हात खाली पडला, आणि मगच त्यांनी नॉब फिरवला.

---

उगारची_मळी

गार्डसाहेब, तुम्हीही लिहा ना कसं वाटलं ते.

---

कॅसलरॉक_ब्रेकव्हॅन

चहा बरा होता. वॉर्नरचा हात अजून चौकोनीच आहे.